दाराआडचं कलम

कलम नऊ मंजूर झालं तर पुढं लोहितपूरचं काय होईल ते पाहायला प्राध्यापिका इंदुमती ताम्हनकर नगराची गणिती नक्कल चालवणाऱ्या प्रतिनगर प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा शहाजी कुंभोजकर तोंड पाडून बसला होता. एरवी बाईंना पाहताच हा गणिती खुर्चीतून उठायचा. कधीकाळी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यानं कायद्याचे तास चुकवले होते, त्याची भरपाई म्हणून असेल. आज त्यानं नुसती मान हलवली.

"किती वेळा चालवून पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"मोजायचं सोडून दिलं, बाई."

"आणि?"

"दर वेळी शेवटी राज्य पलटणीचं."

बाई खुर्चीवर टेकल्या. त्यांच्यासाठी हे कलम म्हणजे घटनेतलं इतरांसारखं एक कलम नव्हतं. का, ते सांगायचं तर लोहितपूरची दारं आधी समजून घ्यायला हवीत.

लोहितपूर मंगळावरच्या एका विवराच्या पोटात आहे. वरच्या मजल्यावर कचेऱ्या, शाळा, सभागृह. खालच्या मजल्यावर कारखाने आणि ते चालवणारी माणसं. सगळीकडे हवाबंद दारं. कुठं गळती झाली तर दार त्याच क्षणी लागलं पाहिजे, तिथं चर्चा करत बसलं तर सगळेच मेले. म्हणून दारांच्या किल्ल्या पहिल्यापासून रक्षक पलटणीकडे. व्यवस्था शहाणपणाची होती, आणि नेमकं तिथंच आम्ही लोहितपूरकरांनी शेण खाल्लं. कारण दार जसं गळतीवर लावता येतं तसं माणसांवरही लावता येतं, हे पृथ्वीवरच्या कंपनीनं नेमलेल्या प्रशासकाला फार लवकर कळलं. खालच्या मजल्याचा पहिला संप झाला तेव्हा त्यानं संपकऱ्यांना एका बोगद्यात कोंडायला सांगितलं, 'डोकी थंड होईपर्यंत'. बोगद्यातली हवा संपली आणि डोकी थंड झाली ती कायमची. त्यांत बाईंचा मुलगा नचिकेत होता. तो संपकरीसुद्धा नव्हता, बोलणी करायला आत गेलेला अभियंता होता. राहीबाई गवंडी यांची मुलगी मंगलही त्यातच गेली. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापिका आणि खालच्या मजल्यावर शेवाळाच्या टाक्या सांभाळणाऱ्या राहीबाई एकमेकींच्या घरच्या झाल्या.

पुढं लोक पुन्हा उठले. प्रशासकानं पुन्हा दारं लावायला सांगितली. या वेळी पलटणीचे प्रमुख, सरनोबत अंबाजी रणपिसे, यांनी ऐकलं नाही. त्यांनी नगरातली सगळी दारं सताड उघडली, लोक वर आले आणि प्रशासकाला पहिल्या यानानं परत जावं लागलं. क्रांती झाली. जवानांना खांद्यावर घेऊन लोक दिवसभर नाचले. त्या गर्दीत नाचल्या नाहीत त्या फक्त इंदुमतीबाई. या वेळी उघडलं ते ठीक, पण पुढच्या वेळी उघडायचं की नाही हे किल्लीवाल्याच्या मर्जीवर का, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. हंगामी सभेनं त्यांना घटनेच्या मसुद्यावर घेतलं आणि त्यांनी कलम नऊ लिहिलं. पलटण लोकनियुक्त सभेच्या आज्ञेत राहील. पलटण छावणीत राहील. नागरिकांच्या दाराला कोणताही सैनिक हात लावणार नाही, मग आज्ञा कुणाचीही असो.

"बंड करतात का ते?" बाईंनी विचारलं.

"तेच तर. बंड करतच नाहीत. त्यांना बोलावतात." शहाजीनं भिंतीवरचा पडदा सुरू केला. "हे बघा. शाळेत परीक्षेला कॉप्या फार होतात, मुख्याध्यापक दोन जवान मागतात. चांगला माणूस आहे हो, हेतूही चांगला. मग शिधावाटपाच्या रांगेत ढकलाढकली होते, तिथं चार. मग गणेशमंडळांचं मिरवणुकीत कुणी पुढं जायचं यावरून वाजतं, तिथं अख्खी तुकडी. पलटण वेळेवर येते, काम चोख करते, चहासुद्धा मागत नाही. मग लोक म्हणतात, मतमोजणीही यांच्याकडेच द्या की. मग तंटे सोडवायला कोर्टात कशाला जायचं, सरनोबत आहेतच. शेवटी सभेची निवडणूक होते आणि मत द्यायला कुणी येत नाही. कुणावर जोरजबरदस्ती नाही, काही नाही."

"मग पलटणीला बोलावण्यावरच बंदी घालू."

"घातली. लोक मागत नाहीत, घरी जेवायला बोलावतात आणि पान वाढता वाढता विषय काढतात."

"पलटणच बरखास्त केली तर?"

"तेही केलं. मग ज्याच्याकडे किल्ल्या दिल्या त्यालाच लोक सरनोबत म्हणायला लागतात."

बाईंना हसू आलं आणि हसू आलं म्हणून रागही आला. "तुझं हे प्रतिनगर म्हणजे शेवटी बाहुल्यांचा खेळ. माणसं अशी वागतील हे तुला कुणी सांगितलं?"

"माणसांनीच," शहाजी म्हणाला. "इथं जन्मल्यापासून प्रत्येकाच्या मनगटावर श्वासपट्टी असते ना? हवा मोजून द्यावी लागते म्हणून लावलेली. तिच्यात माणसाचा श्वास, नाडी, तो कुठं गेला, कुणाशी किती वेळ बोलला, कुठं घाबरला, सगळं साठत जातं. त्यावरून आपण प्रत्येकाचा एक प्रतिजन बनवतो. तुम्ही स्वतःला काय समजता ते त्याला ठाऊक नसतं. तुम्ही आजवर काय केलंत, तेवढंच ठाऊक असतं. असे सगळे प्रतिजन एका नगरात सोडायचे आणि काळ पळवायचा. एकेकटा प्रतिजन चुकतो कधीकधी. पण जे दर वेळी घडतं, ते चुकत नाही."

"मग सुरुवात कुठून होते ते शोध. पहिली मागणी कोण करतं? तो मुख्याध्यापक?"

शहाजीनं कळीवरचा हात मागं घेतला.

"अरे, बोल ना."

"त्याच्याही आधी एक मागणी होते. दर वेळी तीच, दर वेळी त्याच माणसाची. राहू दे, बाई."

बाई त्याला ओळखून होत्या. त्यांनी स्वतःच कळ दाबली.

पडद्यावर सभागृह दिसलं. कलम नऊवर मतदानाचा दिवस, म्हणजे परवाचा. बाहेरच्या बोळात खालच्या मजल्याची माणसं दाटली होती, आणि आत एक पांढऱ्या केसांची बाई रणपिश्यांपुढं उभी राहून सांगत होती की मतदान होईपर्यंत दार लावून घ्या. साडी ओळखीची होती, चष्मा ओळखीचा होता. बोलताना उजवा हात छातीशी धरायची सवयसुद्धा तीच.

बाईंचा चेहरा उतरला. आपल्याला कुणी उघडंनागडं पाहिलं असं त्यांना वाटलं. तेही एका विद्यार्थ्यानं. "हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी? दार लावा म्हणेन? माझा मुलगा दाराआड गेला, शहाजी."

"मला माहीत आहे, बाई. म्हणून तर दाखवणार नव्हतो. पण ऐका, खरी मेख इथं नाही. मागणी झाली तरी नगराला सावरायला वाव असतो. जिथून परत फिरता येत नाही ती जागा याच्या थोडी पुढं आहे. पुढचं बघा."

"मी मागणारच नाही, तर पुढचं कशाला बघू?" असं म्हणून त्यांनी पडदा बंद केला, पदर सावरला आणि निघून गेल्या. शहाजीनं त्यांना थांबवायला हवं होतं. पण बाईंपुढं त्याची नेहमीच भीड पडायची.

बाई तडक छावणीत गेल्या. रणपिसे जवानांबरोबर जेवत होते, हात धुऊन बाहेर आले. ठेंगणे, सावळे, बोलताना समोरच्याच्या पायांकडे पाहणारे गृहस्थ. नचिकेतच्या बोगद्यावर हेच पहाऱ्याला होते, तेव्हा साधे हवालदार म्हणून. क्रांतीनंतर त्यांनी स्वतः येऊन बाईंना हे सांगितलं होतं आणि बाईंनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"परवा एकही जवान छावणीबाहेर नको," बाई म्हणाल्या.

"नाही येणार, मॅडम."

"काहीही झालं तरी."

"काहीही झालं तरी." रणपिसे दोन पावलं आत गेले आणि परत आले. "तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, मॅडम. म्हणून..."

"सांगितलं म्हणून केलं, हे उत्तर नाही, सरनोबत."

"नाहीच. म्हणूनच तुमचं कलम मला हवंय. दुसऱ्यांदा मी ऐकलं नाही ते कसं जमलं, माझं मला कळलेलं नाही. तिसऱ्यांदा जमेल असा भरवसा नाही. मला कुणी सांगूच शकणार नाही असं काहीतरी लिहून ठेवा."

पहिल्यांदाच बाईंना या माणसाबद्दल बरं वाटलं. त्या हलक्या मनानं घरी आल्या. जवान नसले तर दार लावणार कोण, आणि आपण सांगणार तरी कुणाला? पडद्यावरची ती बाई आता जन्माला येणारच नव्हती.

आता लोहितपूरकरांचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे नळ बसवला तरी सत्कार होतो. ज्या सभेत सैन्याला सार्वजनिक जीवनातून बाजूला करायचं होतं, त्याच सभेच्या अध्यक्षांनी, आप्पासाहेब निमकरांनी, सुरुवातीला सरनोबतांचा सत्कार ठेवला होता. बाईंनी आदल्या दिवशी विरोध करून पाहिला. आप्पासाहेब दुखावले. "अहो, ज्यांनी क्रांती केली त्यांना साधी शालसुद्धा नको? लोक काय म्हणतील? आणि कलम मंजूर झाल्यावर किल्ल्या तेच सभेच्या हाती देतील, किती छान दिसेल." बाईंनी जास्त ताणलं नाही. कृतघ्न म्हणवून घ्यायचं त्यांच्या जिवावर आलं. एकटे येऊ देत, जवान नकोत, एवढ्यावर त्या राजी झाल्या.

मतदानाच्या दिवशी शाल झाली. नारळ लोहितपुरात मिळत नाही म्हणून कारखान्यात ओतलेला नारळ झाला. मग भाषणं सुरू झाली. सरनोबतांवर प्रत्येकालाच दोन शब्द बोलायचे होते आणि दोन शब्दांवर कुणी थांबेना. हंगामी सभेची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तोवर कलम मंजूर झालं नाही तर सभा विसर्जित, मसुदा रद्द, आणि किल्ल्या जिथल्या तिथं. बाई घड्याळाकडे पाहून हात चोळत बसल्या. रणपिसे शाल पांघरून, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा घालून, शिक्षा झालेल्या मुलासारखे मान खाली घालून बसले होते.

भाषणं लांबली नसती तर खालच्या मजल्याची पाळी सुटायच्या आत मतदान उरकलं असतं. ते झालं नाही. पाळी सुटली आणि माणसं वर आली.

पुढं राहीबाई होत्या. सभागृहाच्या दारातून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "इंदूताई, आम्हाला दोन मिनिटं बोलायचंय. तुमचं कलम आम्हाला नकोय. दारं यांनी उघडली म्हणून आम्ही जिवंत आहोत. उद्या यांना छावणीत बसवलंत आणि एखाद्या साहेबानं पुन्हा दार लावलं, तर उघडायला कोण येणार? तुमचं कलम येणार का?"

प्रश्न रास्त होता. बाईंकडे त्याचं उत्तरही होतं. निवांत बसून, शेजारी बसवून, राहीबाईंना त्या समजावू शकल्या असत्या. पण इतके महिने त्या मसुद्यात बुडालेल्या होत्या. खालच्या मजल्यावर जाऊन एकदाही कुणाला विचारलं नव्हतं, राहीबाईंनासुद्धा नाही. आपलं दुःख एकच, म्हणजे आपलं मतही एकच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आता ते सगळं दारात येऊन उभं राहिलं होतं आणि वेळ नव्हता.

माणसं आत येऊ लागली. सभागृहाची हवा ठरावीक डोक्यांपुरतीच सोडलेली असते. त्याहून जास्त माणसं झाली की हवाघंटा वाजते, आणि घंटा वाजली की सभा तहकूब करावी लागते, असा नियम आहे. भिंतीवरचा काटा चढायला लागला. दोन सभासदांनी आपल्या पिशव्या उचलल्या. आप्पासाहेब घाम पुसत म्हणाले, "तहकूबच करू या का?"

बाई उठल्या आणि रणपिश्यांपाशी गेल्या.

आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं. भिंतीवर पाहिलेलं सगळं त्यांना आठवत होतं, आणि तरी त्यांचं डोकं भराभर पटवत होतं की त्या पडद्यावरच्या बाईची गोष्ट वेगळी, तिला धोका ठाऊक नव्हता, आपल्याला ठाऊक आहे. आपण हे शेवटचंच करतोय. पुन्हा कधी कुणाला करता येऊ नये म्हणूनच करतोय.

"सरनोबत, त्यांना बोळात थांबवा आणि दार लावून घ्या. मतदान होईपर्यंतच."

रणपिसे उभे राहिले. "मॅडम, मला सांगू नका. मी आज पाहुणा आहे."

"दाराला हात लावायची बंदी घालणारं कलम अजून मंजूर झालेलं नाही. या घडीला तुम्ही सभेच्या आज्ञेत आहात."

"सभेच्या आज्ञेत आहे, म्हणूनच म्हणतो, सांगू नका. सांगितलंत तर मला नाही म्हणता येणार नाही." त्यांचा आवाज खाली आला. "आणि हे दार लावलं की बोळाचं पलीकडचं दारही लागतं, आणि बोळाला वेगळा पंप नाही. माणसं फार आहेत."

त्या बोगद्यालाही वेगळा पंप नव्हता. बाईंइतकं हे कुणाला पाठ असणार? उजवा हात आपोआप छातीशी गेला आणि त्या म्हणाल्या, "लवकर आटपू."

रणपिसे दारापाशी गेले. त्यांनी हात जोडून लोकांना मागं सरायला सांगितलं आणि लोक सरले. त्यांच्या शब्दावर कुणी का म्हणून विचारलं नाही. मग दार लागलं. काटा खाली आला, पिशव्या पुन्हा बाकाखाली गेल्या.

नागरिकांच्या दाराला कोणताही सैनिक हात लावणार नाही, मग आज्ञा कुणाचीही असो. बाईंनी कलम वाचलं. दाराच्या पलीकडून आधी हाका येत होत्या, मग ठोठावणं, मग काहीच नाही. सभासदांनी हात वर केले. एकमतानं मंजूर. आप्पासाहेबांनी टाळी वाजवली, मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, मध्येच थांबले.

प्रेक्षकांच्या सज्जात शहाजी बसला होता. त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही.

"उघडा," बाई म्हणाल्या. म्हणायची गरज नव्हती, रणपिसे आधीच धावले होते.

कुणी मेलं नव्हतं. एवढं तरी देवानं केलं. माणसं भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ निळसर पडलेले, घामानं निथळत. दोघी-तिघी बेशुद्ध होत्या, त्यांची डोकी इतरांनी मांडीवर घेतली होती. कुणी ओरडलं नाही, कुणी ढकललं नाही. ओरडलं की हवा जास्त लागते, हे खालच्या मजल्यावर लेकरांनासुद्धा शिकवतात. राहीबाई भिंत धरून उठल्या आणि हळूहळू बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. श्वास पुरेपर्यंत त्यांना बोलता येईना.

"इंदूताई," त्या म्हणाल्या, "दार कुणी लावायला सांगितलं?"

बाईंना वाटलं, आता सांगावं. एकच वाक्य होतं. पण समोर मंगलची आई होती आणि तिच्या ओठांना तोच निळा रंग होता. प्राध्यापिका इंदुमती ताम्हनकर आयुष्यात पहिल्यांदा कानकोंड्या झाल्या. लाजेपोटी माणूस काय बोलून जातो, ते बोलून झाल्यावरच त्याला ऐकू येतं.

"सरनोबतांनी," त्या म्हणाल्या.

रणपिसे शेजारीच होते, एका बेशुद्ध बाईला वारा घालत. त्यांनी वर पाहिलं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग राहीबाईंना म्हणाले, "हो. मीच लावलं."

राहीबाई त्यांच्याकडे वळल्या. भांडण होणार म्हणून आप्पासाहेब पुढं सरसावले, पण राहीबाईंचा आवाज उलट निवला.

"तुम्ही लावलंत, म्हणजे काहीतरी कारण असणार," त्या म्हणाल्या. "तुम्हाला दारातलं कळतं. या सभेनं लावायला सांगितलं असतं ना, तर यातल्या एकालाही आम्ही घरी जाऊ दिलं नसतं." आणि मागच्या माणसांकडे वळून त्या म्हणाल्या, "कधी उघडायचं, कधी लावायचं, ते सरनोबत ठरवतील. आपलं काही म्हणणं नाही."

मागून होकार आले. दमलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसांचे होकार. शहाजी सज्जातून उतरून बाईंच्या मागं येऊन उभा राहिला होता. तो अगदी हळू बोलला, "ती जागा ही, बाई. इथपर्यंत तुम्ही बघितलंच नाही. नुसत्या मागणीनं काही बिघडलं नसतं. लोक चिडले असते, त्यांनी सभेला जाब विचारला असता, आणि त्यातूनच पुढं सावरले असते. पण ज्या दिवशी लोकांना वाटलं की दार लावायचं पलटणीनं स्वतः ठरवलं, आणि ते त्यांनी चालवून घेतलं, त्या दिवसापासून ठरवायचा हक्क पलटणीचा झाला. मग कागदावर काही लिहा."

"आत्ता खरं सांगितलं तर?" बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"तर कलम जाईल, तुम्ही जाल. पण लोक पुन्हा सभेलाच जाब विचारतील, आणि नगर राहील. मला वाटतं, राहील. असं कधी चालवून पाहता आलं नाही. तुमच्या प्रतिजनानं खरं एकदाही सांगितलं नाही."

आप्पासाहेब तोवर मंचावर चढले होते. आजचा प्रसंग आणि जनतेची भावना लक्षात घेता, ते म्हणाले, कलम नऊ मंजूर झालंच आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहे, मात्र किल्ल्या तूर्त सरनोबतांकडेच राहाव्यात, असं सभेला सुचवतो. बोळातून टाळ्या आल्या. राहीबाईंनी बाईंचा हात हातात घेतला. "रागावू नको, इंदूताई," त्या म्हणाल्या. "तू चांगल्यासाठीच लिहिलंस."

रणपिसे उभे होते. त्यांनी किल्ल्या गळ्यातून काढून हातात धरल्या होत्या, आणि ते बाईंकडे पाहत होते, पायांकडे नव्हे, सरळ डोळ्यांत. बाईंनी सांगितलं असतं तर त्यांनी त्या तिथंच टेबलावर ठेवल्या असत्या. बाईंनी सांगितलं असतं तर खरं काय ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं असतं. त्यांना फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

राहीबाईंचा हात अजून गार होता. इंदुमतीबाईंनी तो हळूच सोडवला, मान खाली घातली आणि इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.